चाचणीने नेमके काय सिद्ध होते?



सुरुवातीलाच एक खुलासा करून ठेवतो. आमच्या नावामागे डॉक्टर लागते ते तत्त्वज्ञानातल्या प्रबंधामुळे. तरी गंगापूर रोडवर सकाळी फिरायला गेलो की कुणी ना कुणी गुडघ्यावर काय घ्यावं ते विचारतंच. आम्ही औषध सांगत नाही, आणि आजच्या व्याख्यानातही सांगणार नाही. पण औषध चालते हे कशावरून ठरते, हा प्रश्न प्रमाणशास्त्राचा आहे, आणि त्यात आमची हयात गेली आहे. त्यामुळे आज बोलण्याचा थोडासा हक्क आम्हाला आहे असे आम्ही धरून चालतो.

विषय सुचला एका प्रसंगावरून. २०२२च्या सप्टेंबरात पॅरिसच्या कर्करोग परिषदेत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका चाचणीचे निष्कर्ष मांडले. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनचे, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे आपल्याला मिळते त्याच भुलीचे, इंजेक्शन दिले तर पुढे रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी होते, असे ते होते. बातमी सगळीकडे आली. आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांच्या पत्नीचे ऑपरेशन तेव्हा ठरले होते. ते कात्रण घेऊन आमच्याकडे आले. "सर, हे खरं आहे का? डॉक्टरांना सांगू का?" आम्ही म्हटलं, विचारायला काय हरकत आहे. त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं, "पेपरात रोज काहीतरी येतं." विषय संपला.

त्या शल्यविशारदांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. पेपरात रोज काहीतरी येतं हे खरंच आहे. सोमवारी कॉफी हृदयाला चांगली असते आणि गुरुवारी वाईट. पण 'रोज काहीतरी येतं' हे उत्तर नव्हे, ते प्रश्न टाळणं आहे. आणि आम्हीही 'विचारायला काय हरकत आहे' असं म्हणून प्रश्न टाळलाच होता. निष्कर्ष वाचायचा कसा, हे दोघांनीही त्या गृहस्थांना सांगितलं नाही. आज ते देणं फेडायचं आहे.

मुळापासून सुरू करू. एखाद्याने औषध घेतलं आणि तो बरा झाला. औषधाने बरा झाला का? न्यायशास्त्र वाचलेल्यांना काकतालीय न्याय आठवेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. कार्यकारण ठरवायला अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही लागतो. कारण असता कार्य दिसते, एवढ्याने भागत नाही. कारण नसता कार्य दिसत नाही, हेही पाहावे लागते. चाचणीतला ज्यांना औषध दिलेले नाही तो तुलनागट म्हणजे हा व्यतिरेक.

पण नैयायिक आणखी एक पाऊल पुढे गेले होते. त्यांनी 'उपाधी' सांगितली. जिथे अग्नी तिथे धूर, असं कुणी म्हणालं तर ते चूक; कारण धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ओले सरपण ही लपलेली अट. तसेच, ज्यांनी महागडे औषध घेतले ते जास्त जगले, असे दिसले तर प्रश्न हा की औषधाने जगले, की महागडे औषध परवडणाऱ्यांना चांगले जेवण, वेळेवर तपासणी आणि घरी करणारे माणूसही असते, म्हणून जगले? इथे ओले सरपण कुठले? अशा उपाधी शोधत बसलो तर अंत नाही. म्हणून विसाव्या शतकात एक साधी युक्ती निघाली: कुणाला औषध मिळणार हे डॉक्टरने ठरवायचे नाही, रुग्णानेही नाही, चिठ्ठीने ठरवायचे. चिठ्ठी गरीब-श्रीमंत पाहत नाही. संख्या पुरेशी मोठी असेल तर ज्ञात-अज्ञात सगळ्या उपाधी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातात. ब्रिटनमधली १९४८ सालची क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी हा या पद्धतीचा वस्तुपाठ मानला जातो. आमच्या मते ज्ञानमीमांसेत विसाव्या शतकाने घातलेली ही मोठी भर आहे, आणि ती तत्त्वज्ञांनी नव्हे, संख्याशास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी घातली.

आता लिग्नोकेनकडे येऊ. भारतातली ११ केंद्रे, १,६०० स्त्रिया. चिठ्ठीने निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. बाकी उपचार दोघींना सारखेच. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन नसलेल्या गटात ८६.४ टक्के, असलेल्या गटात ९०.१ टक्के. याच निष्कर्षाची बातमी 'मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी' अशीही देता येते आणि 'शंभरांत साधारण चार स्त्रिया जास्त वाचल्या' अशीही देता येते. दोन्ही खरी आहेत. पण पहिली ऐकून माणूस समजतो की शंभरांत एकोणतीस वाचल्या. पहिल्या वाक्यातला टक्का मृत्यूंचा आहे, दुसऱ्यातला माणसांचा. औषध कंपनीची जाहिरात नेहमी पहिल्या भाषेत असते. आपण नेहमी दुसरी भाषा मागावी. शंभरांत किती, हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. त्याला पदवी लागत नाही.

शंभरांत चार म्हणजे थोडे का? आम्हाला तसे वाटत नाही. जे औषध तालुक्याच्या दवाखान्यातही असते, ज्याचा खर्च किरकोळ आहे, जे एकदाच द्यायचे आहे, त्याने शंभरांत चार जीव वाचत असतील तर ते पुष्कळच झाले.

तरीही या चाचणीवर आक्षेप आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. ज्यांना भूल दिली नाही त्यांना खोटे, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शनही दिले नव्हते. म्हणजे कुणाला काय मिळाले हे शल्यविशारदाला माहीत होते. त्याचा हात नकळत एका बाजूला जास्त काळजीने चालला असेल का? मृत्यूच्या नोंदीवर अपेक्षेचा परिणाम होत नाही हे खरे, पण शस्त्रक्रियेवर होऊ शकतो. दुसरा आक्षेप, हे नेमके कसे घडते ते अजून पक्के सांगता येत नाही. यावरचा उपाय आक्षेपात नसतो, दुसऱ्या चाचणीत असतो. आणि इथेच खरी मेख आहे. लिग्नोकेनचे पेटंट केव्हाच संपले. हजारो रुग्णांची चाचणी पुन्हा करून त्यातून कुणाला पैसा मिळणार? नव्या महाग रेणूची चाचणी चार देशांत चारदा होते आणि जुन्या स्वस्त औषधाची एकदाच. मग आपण म्हणतो, पुरावा एकाच चाचणीचा आहे, थांबू या. म्हणजे कोणत्या प्रश्नाला किती पुरावा मिळणार हे आधी बाजार ठरवतो आणि मग आपण त्याला विज्ञानाचा सावधपणा म्हणतो.

याच रुग्णालयाची आणखी एक चाचणी घ्या, कारण लोक अपयशी चाचण्यांविषयी बोलत नाहीत. निदानाच्या वेळीच रोग शरीरात दूरवर पसरलेला असेल तर स्तनातली मूळ गाठ काढावी का? मुळावर घाव घातला की फांद्या वाळतील, असे तर्क सांगतो. जुन्या नोंदीही सांगत होत्या की ज्यांची गाठ काढली त्या जास्त जगल्या. बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर चिठ्ठीने चाचणी केली. २०१५ साली निष्कर्ष आले: गाठ काढलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान १९.२ महिने, न काढलेल्या गटाचे २०.५ महिने. फायदा नाही. मग जुन्या नोंदी खोटं बोलत होत्या का? नाही. ज्या मुळात जास्त धडधाकट त्यांचीच ऑपरेशने होत होती. ओले सरपण! या 'अपयशी' चाचणीने कितीतरी स्त्रियांचे एक मोठे, निरुपयोगी ऑपरेशन वाचवले असेल. नाही म्हणणारी चाचणी ही सुद्धा ज्ञान देते, पण तिचा पेढा कुणी वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न: कशाशी तुलना? डोके-मानेच्या कर्करोगात, जो तंबाखूमुळे आपल्याकडे उदंड आहे, निवोलुमॅब नावाचे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध देतात. त्याची किंमत सामान्य कुटुंबाला झेपत नाही. टाटामध्येच डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, औषध देऊन पाहिले. १५१ रुग्ण. सगळ्यांना स्वस्त गोळ्यांचा उपचार होताच; एका गटाला त्यावर ही अल्प मात्रा. वर्षभराने हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

थक्क करणारी गोष्ट आहे. पण वाचताना गल्लत होते. 'अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चालते' असे या चाचणीने सिद्ध केले नाही, कारण पूर्ण मात्रेचा गट तिच्यात नव्हताच. तिने एवढेच दाखवले की अल्प मात्रा ही काहीच न मिळण्यापेक्षा पुष्कळ बरी. परदेशातला टीकाकार म्हणेल, ही चुकीची तुलना. आम्ही म्हणतो, तुलना चुकीची की बरोबर हे प्रश्न कुणाचा आहे त्यावर ठरते. ज्याला पूर्ण मात्रा परवडते त्याच्यासाठी ही चाचणी अपुरी आहे. पण मालेगावच्या यंत्रमाग कामगारासमोर 'पूर्ण की अल्प' हा पर्याय नसतोच. त्याच्यासमोर 'अल्प की काहीच नाही' हाच असतो. त्याचा प्रश्न विचारणारी चाचणी झाली, हे तिचे मोठेपण. मात्र तिच्या आधाराने उद्या कुणी म्हणू लागले की गरिबाला एवढेच पुरे, तर तो तिचा गैरवापर होईल.

कशाशी तुलना, हे गुडघ्यावरही लागू आहे; सकाळी विचारणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदीय औषधांची ४४० रुग्णांवर, दोन्ही बाजूंना अज्ञात ठेवून चाचणी केली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आयुर्वेदाची चाचणी होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांना, भक्तांना आणि निंदकांना, हे उत्तर आहे. निष्कर्ष असा की ती औषधे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या बरोबरीने चालली. आता नीट बघा. ग्लुकोसामाइन स्वतःच खोट्या गोळीपेक्षा फारसे सरस नाही, असे २००६च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसले होते. मग त्याच्याशी बरोबरी हा केवढा गौरव? सेलेकॉक्सिबशी बरोबरीला मात्र वजन आहे. आणि काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतले आकडे वाढले, हेही त्याच निबंधात नोंदवले आहे. 'आयुर्वेदाला दुष्परिणाम नाहीत' म्हणणारे लोक पहिले वाक्य उद्धृत करतात, हे वाक्य गाळतात. प्रामाणिक संशोधकाने लिहिलेले अर्धेच वाचणे ही वाचकाची अप्रामाणिकता आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. तुलनागटातल्या माणसांचे काय?

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक प्रचंड चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा तिच्यात होते. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाची तपासणी नाही. आठ वर्षांनी दिसले ते असे: एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने गेल्या, तपासणी नसलेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. २००९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला.

या चाचणीत व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर, डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चाचणीत, त्याच व्हिनेगरने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मग खरे कोणते? दोन्ही. धाराशिवला एकदाच तपासणी झाली, मुंबईत दर दोन वर्षांनी चार वेळा. 'व्हिनेगर चालते का' हा प्रश्नच अर्धा आहे. किती वेळा, कुणी, कुठे, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मुंबईत त्याच स्त्रियांची स्तनाची हाताने तपासणीही झाली. वीस वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष आले. एकूण स्त्रियांत मृत्यू १५ टक्क्यांनी कमी, पण ते योगायोगानेही असू शकेल इतपतच. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र जवळजवळ ३० टक्के कमी. आनंदच आहे, पण ही वयाची विभागणी निष्कर्ष हाती आल्यावर केलेली होती, असे संशोधकांनीच लिहिले आहे. बाण मारल्यावर भोवती वर्तुळ काढले तर नेम लागतोच. तपासणी करू नये असे यातून निघत नाही. तपासणीने रोग लवकर सापडत होता हेही त्याच चाचणीने दाखवले. फक्त '३० टक्के' हा आकडा अनुमान म्हणून घ्यावा, सिद्धान्त म्हणून नव्हे.

पण त्या ६४ स्त्रिया. त्यांची तपासणी का झाली नाही? संशोधकांचे उत्तर: तिथे नेहमीची व्यवस्था हीच होती, म्हणजे तपासणी नसणे. टीकाकारांचे म्हणणे: तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांत माहीत असताना दुसऱ्या गटाला नुसते पाहत राहणे अनीतीचे. मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकात यावर कडाक्याचा वाद झाला. आम्ही दोन्ही बाजू बराच काळ मनात घोळवल्या. चाचणी झाली नसती तर चारही गटांतल्या स्त्रियांना काहीच मिळाले नसते आणि आपल्याला काहीच कळले नसते, हे खरे. पण 'नेहमीची व्यवस्था' हे शब्द फार सोयीचे आहेत. ती व्यवस्था निसर्गाने दिलेली नव्हती, आपण, म्हणजे सरकारने आणि समाजाने, ती तशी ठेवली होती. आपल्याच उणिवेला तुलनेचा पाया करायचा, तर त्यातून मिळालेले ज्ञान हे त्या स्त्रियांचे आपल्यावरचे ऋण होते. ज्ञान मिळाल्यावर ते त्यांच्यापर्यंत आधी पोचायला हवे. २००९ला किती वर्षे झाली बघा, आणि आपल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरच्या किती स्त्रियांची एचपीव्ही तपासणी झाली आहे ते आपापल्या मनाला विचारा.

दुसरा मार्ग असू शकतो, हे दाखवणारी चाचणी अलीकडेच झाली. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरुग्णांच्या कुटुंबांना शिधा दिला. क्षयाच्या रुग्णाला शिधा दोन्ही गटांत दिला. एकाच गटात घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली. म्हणजे आजारी माणसाला उपाशी ठेवून तुलना केली नाही. २०२३चा निष्कर्ष: शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. अन्न हे क्षयावरचे औषध आहे, हे सांगायला चाचणी कशाला, आजीला माहीत होतं, असं कुणी म्हणेल. आजीला माहीत होतं, अर्थखात्याला नव्हतं. निक्षय पोषणाची मदत नोव्हेंबर २०२४पासून महिना ५०० ऐवजी १,००० रुपये झाली. पण चाचणीने सांगितले होते ते घरच्यांच्या पोटाविषयी, आणि मदत जाते रुग्णाच्या खात्यात.

शेवटी एक सावधगिरी, आमच्याच बाजूविरुद्ध. चिठ्ठीची एवढी स्तुती केली, पण महाराष्ट्रातली सर्वांत फलदायी म्हणावी अशी चाचणी चिठ्ठीची नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत, गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू एकीकडे २५.५, दुसरीकडे ५९.६. गावे चिठ्ठीने निवडलेली नव्हती, हा आक्षेप रास्त. पण फरक इतका मोठा, आणि पायऱ्या इतक्या डोळ्यांसमोरच्या, की केवळ चिठ्ठी नाही म्हणून ते नाकारणे हा पोथीनिष्ठपणा झाला असता. निबंध १९९९चा; आशाताई घरोघरी बाळं बघायला जाऊ लागल्या ते देशव्यापी धोरण २०११चे. मधल्या बारा वर्षांत हे ज्ञान कपाटात होते.

तेव्हा त्या गृहस्थांना आज आम्ही काय सांगू? असं सांगू: कात्रण घेऊन जा. डॉक्टरांना विचारा की तुलना कशाशी होती, शंभरांत किती, चाचणीतल्या स्त्रिया आपल्या बाईसारख्याच होत्या का, आणि धोका काय. धोका फार थोडा आणि खर्च किरकोळ असेल, तर एका चाचणीवरही विचार करणं शहाणपणाचं. आणि डॉक्टर म्हणाले, 'मला अजून पुरेसं वाटत नाही, कारण असं असं', तर तेही ऐका. कारणासकट दिलेला नकार हा सन्मान आहे. आमच्या गावात १९९८पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. हे प्रश्न मराठीत विचारायला आणि त्यांची मराठीत उत्तरं द्यायला नाशिकइतकी योग्य जागा दुसरी कुठली?

त्या बाई आज कशा आहेत, असं तुमच्या मनात आलं असेल. बऱ्या आहेत. त्यांना ते इंजेक्शन मिळालं नव्हतं. यावरून इंजेक्शन निरुपयोगी होतं असं कुणाच्या मनात आलं असेल, तर आजचं व्याख्यान पुन्हा एकदा ऐकावं, अशी विनंती करतो आणि थांबतो.